दारू सोडल्यानंतर कलेकडे वळताना: काय आधी, काय नंतर

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला माणूस पहिल्या पंधरा दिवसांत एकदा तरी म्हणतो, की मला पूर्वी चांगली चित्रकला येत होती, ती पुन्हा सुरू करतो. विचार चांगला असतो. पण त्यानंतर जे घडते ते जवळपास ठरलेले असते. जळगावला किंवा धुळ्याला जाऊन कॅनव्हास, ऑइल कलर आणि ब्रशांचा संच आणायचा, पहिल्याच दिवशी मोठे चित्र हाती घ्यायचे, तीन तासांनी हात थकला की शाळेत इंटरमीजिएटला मिळालेली ‘अ’ श्रेणी आठवून समोरच्या वाकड्या रेषेकडे पाहत बसायचे, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे नेमक्या जुन्या वेळेला, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर पडायचे. मी दर रविवारी अशा काही जणांसोबत माती आणि कोळसा घेऊन बसतो, तिथे हा प्रकार अनेकदा पाहिला आहे. आणि दारू सोडली त्या वर्षी मी स्वतः, चित्रकलेचा शिक्षक असूनही, याच क्रमाने फसलो होतो. इच्छा कमी पडत नाही. क्रम चुकतो. म्हणून खालचे टप्पे ओलांडून पुढे जाऊ नये.

## १. शरीर सावरेपर्यंत ब्रशाला हात लावू नये

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू थांबवणे धोक्याचे असते. हात थरथरणे, घाम फुटणे, मळमळ आणि झोप उडणे ही लक्षणे शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतात, फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो, आणि नसलेली माणसे दिसणे, दिवसरात्रीचे भान सुटणे, असंबद्ध बोलणे हा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उद्भवतो. हा शेवटचा प्रकार जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरचे काही असेल’ म्हणून भगताकडे नेण्यात एक रात्र जाते. ती रात्र दवाखान्यात गेली पाहिजे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे मानसोपचाराच्या ओपीडीची चौकशी करावी. फोनवरून सल्ला हवा असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

डॉक्टर या काळात बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शने किंवा गोळ्या देतात. ‘ताकदीची गोळी’ समजून त्या अर्धवट सोडू नयेत, कारण त्याची कमतरता राहिली तर स्मरणशक्तीवर आणि चालण्याच्या तोलावर कायमचा परिणाम होऊ शकतो.

पुढे जाण्यापूर्वी तपासा: भरलेला पाण्याचा पेला एका हाताने न सांडता तोंडाशी नेता येतो का? दोन वेळचे जेवण पोटात टिकते का? डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे का आणि ती घरातल्या दुसऱ्या कोणाला माहीत आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच पुढचा टप्पा घ्यावा. झोप मात्र पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात, तिच्यासाठी थांबून राहण्याची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही थरथर कायम असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. थरथरीचे काही आजार असे असतात की दारूने ते तात्पुरते झाकले जातात आणि दारू सुटल्यावर उघडे पडतात.

## २. आधी वेळ शोधावी, कला नंतर निवडावी

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि जवळजवळ सगळेच तो गाळतात. एक वही घ्यावी आणि सात दिवस फक्त चार गोष्टी लिहाव्यात: तलफ किती वाजता आली, तेव्हा आपण कुठे होतो, त्याआधीच्या तासाभरात काय घडले, आणि एक ते दहा या मोजणीत तिचा जोर किती होता. आठव्या दिवशी वही वाचली की वेळ आपोआप समोर येते. कोणाची ती संध्याकाळी सात असते, कोणाची आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी चार. कापूस विकून हातात रोकड आली की त्याच मिनिटाला तलफ येणारेही आहेत, आणि त्यांच्या वहीत घड्याळाची वेळ नसून व्यापाऱ्याच्या काट्याची जागा लिहिलेली असते.

कलेला बसण्याची वेळ या वेळेच्या अर्धा तास आधीची ठेवावी. तलफ साधारणपणे वाढत जाते, टोकाला पोचते आणि पंधरा ते तीस मिनिटांत ओसरू लागते. ती आल्यावर सामान मांडायला घेतले तर उशीर झालेला असतो. सात वाजता तलफ येत असेल तर साडेसहाला हात मातीत असावेत. सकाळी प्रसन्न वाटते म्हणून सकाळी बसणारे पुष्कळ आहेत, आणि संध्याकाळी ते रिकामेच असतात.

बसण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, थकवा आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर आधी भाकरी खावी. एप्रिल-मेमध्ये, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना, पाचवा प्रश्न जोडावा: पाणी प्यालो का? तहान आणि तलफ यांत पहिल्या महिन्यात पुष्कळांची गल्लत होते, आणि तांब्याभर ताक प्यायल्यावर निम्मी तलफ तहान होती असे लक्षात येते.

सावधान: त्याच वेळेला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या आपसातल्या गटाची, मीटिंग किंवा समुपदेशकाची भेट असेल तर तिथेच जावे. चित्र काढतो म्हणून मीटिंग सोडली, हे मी ज्यांच्याकडून ऐकले त्यांची चित्रेही फार दिवस चालली नाहीत.

## ३. जागा आणि सामान

जागा घरातली, माणसांचा वावर असलेली आणि कायमची असावी. पूर्वी जिथे बसून पीत होतो ती गच्ची, ती मळ्यातली खोली किंवा ते ओट्याचे टोक टाळावे, मग तिथला उजेड कितीही चांगला असो. बंद खोलीही नको. पहिल्या तीन महिन्यांत दार उघडे राहिलेले बरे.

सामान थोडे आणि स्वस्त असावे: पाठकोरे कागद, २बी आणि ४बी पेन्सिल, एक पुठ्ठा, दोन चिमटे, मातीसाठी एक घमेले आणि एक जुनी गोणी. महागडे सामान घेतले की प्रत्येक कागद वसूल करावासा वाटतो आणि त्या ओझ्याखाली हात आखडतो.

सावधान: थिनर, टर्पेंटाईन, रबर सोल्युशन, स्पिरिटमधले लाखेचे पॉलिश, चित्रावर मारण्याचे फिक्सेटिव्ह आणि स्पिरिटचे मार्कर हे सर्व पहिल्या वर्षात घराबाहेर ठेवावे. काहींचा वास हुंगण्याचेच व्यसन लागते. ज्यांना डायसल्फिरामची, म्हणजे दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून दिलेली, गोळी चालू आहे त्यांना तर स्पिरिट असलेली वस्तू त्वचेला लागल्याने किंवा तिची वाफ नाकात गेल्यानेही चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलटी असा त्रास होऊ शकतो. आणि विषय निघालाच आहे तर, ही गोळी माणसाला न सांगता भाजीत किंवा चहात कालवून देणे हा जिवाशी खेळ आहे; ती डॉक्टरांच्या सांगण्याने आणि त्या माणसाच्या संमतीनेच द्यायची असते.

## ४. पहिला महिना: फक्त माती

पेन्सिल नको, माती घ्यावी, याचे कारण अगदी साधे आहे. थरथरणाऱ्या हाताने काढलेली रेष थरथरलेली दिसते. थरथरणाऱ्या हाताने मळलेल्या मातीत ती थरथर कुठेच दिसत नाही. शिवाय मातीला दोन्ही हात लागतात, त्यामुळे मोबाईल उचलता येत नाही, आणि जुन्या मित्राचा फोन आला तरी तो वाजून कटही होतो.

आपल्या शेतातली काळी माती थेट वापरू नये. ती पाण्याने फुगते आणि वाळताना इतकी आकसते की सकाळी बनवलेल्या बैलाला संध्याकाळपर्यंत पाठीवर भेग पडते, आणि ती भेग पाहून ‘माझ्याच्याने काही होत नाही’ हे वाक्य बाहेर पडते. दोष मातीचा असतो. कुंभाराकडून तयार माती मिळाली तर उत्तम. नसेल तर नाल्यातला किंवा तलावातला गाळ वाळवून, फोडून, पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून, रात्रभर भिजवावा आणि सकाळी वरचे पाणी काढून फडक्यावर निथळू द्यावा. चार भाग मातीला एक भाग चाळलेली राख किंवा बारीक वाळू घालावी. कुंभार यात घोड्याची लीद घालतात, कारण तिच्यातल्या बारीक तंतूंनी माती धरून राहते. मिळाली तर घालावी, नाहीतर चिमूटभर कापूस पिंजून मिसळला तरी चालतो.

मळणे हेच पहिल्या आठवड्याचे काम आहे. वीस मिनिटे मळायचे, गोळा करायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. काही बनवायचे नाही. हे सांगितले की लोक हसतात आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप काहीतरी बनवतात. हरकत नाही, पण ते मोडून पुन्हा गोळ्यात मिसळावे. मळता मळता माती हाताला चिकटेनाशी झाली आणि बोटाभोवती वेटोळे केल्यावर तडा गेला नाही, की ती तयार झाली असे समजावे.

दुसऱ्या आठवड्यापासून पोळ्याचा बैल करावा. वस्तू ओळखीची आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केलेली आहे आणि ती कशी दिसावी याबद्दल कोणी श्रेणी देत नाही. बैल मुठीएवढा ठेवावा. पाय आपल्याला वाटतात त्याच्या दुप्पट जाड करावेत, कारण बारीक पाय वाळताना अंगाच्या भाराने वाकतात. पाय, शिंगे आणि वशिंड नुसते चिकटवू नयेत. दोन्ही बाजू काडीने खरवडून, त्यावर पातळ मातीचा लेप लावून मगच दाबावेत. नंतर बैल सावलीत, सुती फडक्याखाली चार-पाच दिवस वाळू द्यावा. उन्हात ठेवला की तडकलाच. रोज एक बैल, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली काडीने तारीख.

गटातला एक जण, पूर्वीचा ट्रकचालक, सलग सव्वीस दिवस बैल करत होता. सव्वीसही बैल डावीकडे झुकलेले होते. सत्ताविसाव्या दिवशी त्याने पहिला आणि शेवटचा बैल शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, की सर, हा झुकला आहे पण पडणार नाही. मी पाटाला हळूच धक्का देऊन पाहिला. पहिला पडला, शेवटचा पडला नाही.

तपासा: महिन्याअखेरीस तारखा मोजाव्यात. तीसपैकी वीस तरी दिवस हात मातीला लागले असतील तर पुढे जावे. कमी असतील तर कला बदलू नये, वेळ बदलून पाहावी. बहुतेकदा वेळच चुकलेली असते.

## ५. दुसरा महिना: रेष, पण मोठी

आता कागदावर यावे, मात्र पेन्सिलीच्या आधी कोळशाने. कोळशाची कांडी घरी होते आणि ती करण्यातही एक संध्याकाळ चांगली जाते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, करंगळीपेक्षा बारीक, सरळ, वाळलेल्या काड्या साल काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भराव्यात, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडावे आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवावा. भोकातून आधी पांढरी वाफ, मग धूर येतो. धूर थांबला की डबा बाहेर काढावा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये. गरम असताना झाकण काढले तर हवा लागून काड्या पेट घेतात आणि हातात राखच उरते. हे काम घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊनच करावे.

जुने वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून, उभे राहून, खांद्यापासून हात हलवत मोठ्या रेषा, वर्तुळे आणि आठाचे आकडे काढावेत. मनगटातून काढलेल्या लहान रेषेत थरथर दिसते, खांद्यातून काढलेल्या मोठ्या रेषेत ती विरून जाते. दहा दिवसांनी बसून वस्तू काढावी: तांब्या, उखळ, केळीचे एक फाटके पान. एकच वस्तू सलग तीन दिवस काढावी. पहिल्या दिवशी आपण मनातले पान काढतो; ते वाऱ्याने आडव्या शिरांना समांतर कसे फाटते हे तिसऱ्या दिवशी दिसू लागते.

इथे होणारी चूक म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ पाहून नक्कल करणे. त्या व्हिडिओतला हात वीस वर्षे रोज चाललेला असतो, आणि आपला हात दोन महिन्यांपूर्वी पेला धरताना सांडत होता.

## ६. रंग

रंगांबद्दल थोडेच सांगायचे आहे. गेरूची वस्त्रगाळ पूड, खडूची पूड आणि घरचा कोळसा, त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी, एवढ्यात तीन रंग होतात आणि महिनाभर पुरतात. हळद मोहक दिसते, पण उन्हाने उडते. उन्हाळ्यात रंग पसरण्याआधीच वाळतो, म्हणून कागद मागून ओला करून पुठ्ठ्यावर चिकटवावा. रंगाची वाटी आणि पिण्याच्या पाण्याचा पेला वेगळे ठेवावेत, हे सांगण्याची वेळ माझ्यावर दोनदा आलेली आहे.

## ७. जुनी कला शेवटी

सर्वांत जास्त घसरण इथे होते. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, हळदीच्या रात्री ढोलकी धरणारा, तमाशाच्या फडात किंवा वहीगायन या खानदेशी लोकगायनात उभा राहिलेला माणूस म्हणतो, की माझी कला हीच, मी तिच्याकडेच परतणार. पण त्याच्या हाताला ताल आठवतो तेव्हा त्याच्या घशालाही काही आठवते, कारण वर्षानुवर्षे वरात निघण्याआधी सगळ्यांनी मिळून क्वार्टर मारली आणि मगच वाद्य उचलले. त्यामुळे ज्या कलेला दारूची सोबत होती ती कला पहिले सहा महिने बाजूला ठेवावी, आणि जिला दारूचा स्पर्श झालेला नाही अशी एखादी गोष्ट आधी हाताला लावावी.

परत जाताना पायऱ्या कराव्यात. आधी घरी, दिवसा, एकट्याने रियाज करावा. नंतर देवळातल्या भजनी मंडळात बसावे, जिथे चहाच्या पुढे काही जात नाही. खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री घरोघरी गाणी होतात, तिथेही घरच्यांच्या सोबतीने बसता येते. सुपारीचा कार्यक्रम त्यानंतर घ्यावा आणि तोही अटींवर: जाण्यायेण्याचे वाहन आपले, सोबत दारू न पिणारा एक माणूस, पाण्याची बाटली आपली, आणि निघण्याची वेळ आधीच सांगून ठेवलेली. ‘एकाने काय होतं’ हे वाक्य कानावर आले की वाद्य पिशवीत घालण्यास सुरुवात करावी. उत्तर देत बसू नये.

## ८. स्वतःचे काही मांडताना

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हात स्थिर होतो आणि मग मनातले वर येऊ लागते: बायकोची मोडलेली पाटली, मुलाच्या शाळेतला तो दिवस, वडिलांच्या दहाव्याला आपण कोणत्या अवस्थेत होतो ते. हे चित्रात किंवा शब्दांत उतरणे चांगले असते, पण त्याला वेळेचे कुंपण हवे. वीस मिनिटांचा गजर लावावा, तो वाजला की कागद उलटा ठेवावा आणि हात धुऊन घरातल्या माणसांत जाऊन बसावे. रात्री नऊनंतर हे काम करू नये. चित्र काढून झाल्यावर छाती जड वाटत असेल तर ते फाडण्याऐवजी समुपदेशकाकडे किंवा मीटिंगमधल्या स्पॉन्सरकडे, म्हणजे आपल्याला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सदस्याकडे, न्यावे. बाटली, पेला आणि अड्डा हे विषय पहिल्या वर्षात एकट्याने काढू नयेत. समुपदेशकाने सांगितले तर त्यांच्यासमोर काढावेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर चित्र तिथेच थांबवून घरच्यांना सांगावे आणि १४४१६ वर लगेच फोन करावा.

लिहिणाऱ्यांनी घरात जी भाषा बोलतो तीत लिहावे. अहिराणीत विचार करून पुस्तकी मराठीत लिहिले की माणूस आपोआप भाषण करू लागतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, घरकाम करता करता त्या ओव्या म्हणत आणि त्या घरच्यांनी उतरवून घेतल्या. त्यामुळे ज्याला लिहिता येत नाही त्याने मोबाईलवर बोलून ठेवले तरी ते लिहिणेच आहे.

## ९. घरच्यांसाठी

‘आता हेच धंदे राहिले का’ असे म्हणू नये, आणि ‘वा, किती सुंदर’ असेही रोज म्हणू नये. पिणाऱ्या माणसाला खोटी स्तुती चटकन ओळखू येते, कारण त्याने ती वर्षानुवर्षे स्वतः वापरलेली असते. ‘काय करी राहिना भो?’ असे विचारून पाच मिनिटे शेजारी बसले तरी पुरते. चित्राच्या दर्जावरून तो प्यायला आहे का याचा अंदाज बांधू नये. दारू सोडणारी बाई असेल तर तिला ती वीस मिनिटे मिळावीत म्हणून त्या वेळेची चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी. एरवी तिचा हा टप्पा कागदावरच राहतो.

## १०. पुन्हा प्यायल्यास

घसरण झाली तर सामान फेकू नये आणि चित्रे जाळू नयेत. आधी शेवटचा पेला कधी आणि किती याची नोंद करून डॉक्टरांना किंवा केंद्राला फोन करावा. अनेक दिवस सलग पिणे झाले असेल तर पहिल्या टप्प्यातला धोका पुन्हा तसाच असतो. प्यायलेल्या अवस्थेत कलेला बसू नये. शरीर सावरल्यावर जिथे होतो तिथून नव्हे, तर माती मळण्यापासून सुरुवात करावी. या वेळी तो टप्पा महिन्याऐवजी आठवड्यात संपू शकतो. वहीत त्या दिवशीची तलफेची वेळ लिहावी, कारण बहुधा ती आपण ठरवलेल्या वेळेपेक्षा वेगळी निघते.

## ११. दाखवणे आणि विकणे

वर्ष होईपर्यंत प्रदर्शन, स्पर्धा आणि स्टेटसवर फोटो या तिन्ही गोष्टी पुढे ढकलाव्यात. नकार जितका अंगावर येतो तितकेच कौतुकही अंगावर येते, आणि आपल्याकडे आनंद साजरा करण्याची पद्धत कोणती हे वेगळे सांगायला नको. पोळ्याआधी कोणी बैल मागितले तर द्यावेत, पण व्यवहार आधी ठरवावा: पैसे रोख न घेता घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर यावेत, माल पोचवायला सोबत कोणीतरी असावे, आणि ढाब्यावरून आलेली शोभेच्या वस्तूंची ऑर्डर, ती कितीही मोठी असली तरी, पहिल्या वर्षी घेऊ नये.